नव्या एरियात, नव्या कंपॅनियनबरोबर रुळताना

एका 19 वर्षांच्या एल्डरने, म्हणजे मॉर्मन चर्चच्या तरुण मिशनऱ्याने (धर्मप्रचारकाने), प्रश्न विचारला आहे. त्यातला कंपॅनियन म्हणजे मिशनवरचा जोडीदार, ट्रेनर म्हणजे नवख्याला काम शिकवणारा पहिला कंपॅनियन, एरिया म्हणजे जोडीला नेमून दिलेला भाग आणि एरिया बुक म्हणजे तिथल्या माणसांच्या नोंदी. तो विचारतो: "ट्रेनिंगचे 12 आठवडे संपले आणि माझी पहिली ट्रान्सफर झाली. ट्रेनरशी माझं छान जमलं होतं, जुन्या एरियातली माणसं मला नावानिशी ओळखायची. इथे कुणी ओळखत नाही आणि एरिया बुकात शिकवण्यासारखं कुणी दिसत नाही. नवा कंपॅनियन मला खूप सीनियर आहे, त्याच्या मिशनचे तीन महिने उरलेत. तो कामापुरतंच बोलतो. त्याची पद्धत मला पटत नाही, पण वाद नको म्हणून मी गप्प राहतो. रात्री घरची फार आठवण येते. मी रुळणार कसा?"

तुझ्या प्रश्नातलं "वाद नको म्हणून मी गप्प राहतो" हे वाक्य मी सगळ्यात आधी हातात घेते. अनोळखी रस्ते, रिकामं एरिया बुक, रात्रीची घरची आठवण, या गोष्टी दिवस जातील तशा हलक्या होतात. गप्प राहण्याचं तसं नाही. आज एक गोष्ट गिळली की उद्या दुसरी गिळावी लागते, आणि महिन्याभरात एकाच खोलीत राहणारी दोन चांगली मुलं एकमेकांकडे बघेनाशी होतात. मी स्वतः मिशनवर गेले तेव्हा मुलींना एकविसाव्या वर्षाआधी जाता येत नसे. पुढे माझे पती मिशन प्रेसिडेंट, म्हणजे मिशनचे प्रमुख, असताना तीन वर्षं मिशनऱ्यांच्या तब्येतीचे फोन मी घ्यायचे. पोट बिघडलंय, डोकं उठलंय, झोप लागत नाही, अशी सुरुवात व्हायची. डॉक्टरांकडे पाठवायचेच. पण थोडा वेळ नुसतं ऐकत राहिलं की बऱ्याचदा कंपॅनियनशी धरलेला अबोला बाहेर यायचा. त्यामुळे या विषयावर मला मनापासून बोलायचं आहे.

ज्यांनी मिशन जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्या चर्चचं नाव द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. लोक मॉर्मन म्हणतात ते हेच. मुलगे 24 महिने आणि मुली 18 महिने मिशनवर जातात. कुठे जायचं हे आपण ठरवत नाही, कुणाबरोबर राहायचं हेही नाही. साधारण दर सहा आठवड्यांनी ट्रान्सफर, म्हणजे बदल्यांची वेळ, येते आणि मिशन प्रेसिडेंट प्रार्थना करून जोड्या ठरवतात. आंघोळ, स्वच्छतागृह आणि लीडरबरोबरची मुलाखत एवढं सोडलं तर कंपॅनियन सतत डोळ्यांसमोर आणि हाकेच्या अंतरावर असायला हवा, असा नियम आहे. सख्ख्या भावंडांनाही इतका सहवास कधी घडत नाही. अशा सहवासात दोन अनोळखी मुलं पहिल्या आठवड्यात अवघडली, तर त्यात तुमच्यापैकी कुणाचाच दोष नाही.

आता तुझ्या कंपॅनियनबद्दल. तू त्याच्या कमी बोलण्याचा अर्थ "याला मी आवडलो नाही" असा लावला आहेस, असं तुझ्या शब्दांवरून वाटतं. घाई करू नकोस. तीन महिने उरलेल्या मिशनऱ्याच्या डोक्यात काय काय चालू असतं ते तुला इतक्यात कळणार नाही. परत गेल्यावर शिक्षण कुठून सुरू करायचं, पैसे कुठून आणायचे, घरचे बदललेले असतील का, दोन वर्षं ज्या नावाने लोकांनी हाक मारली ते "एल्डर" नाव उतरल्यावर आपण कोण, असे प्रश्न त्याला रोज पडत असणार. शिवाय तू येण्याआधी जो त्याच्याबरोबर होता तो नुकताच गेला आहे. तुला जसा तुझा ट्रेनर आठवतो तसा त्यालाही कुणी आठवत असेल. आणि काही मुलं स्वभावानेच अबोल असतात. त्यांना दिवसभर दारोदार बोलल्यावर संध्याकाळी शांतता लागते, आणि ती एकट्याने मिळण्याची सोय मिशनवर नाही. अशा मुलाला खोलीत असूनही थोडा वेळ एकटं राहू देणं हे तू त्याच्यासाठी करू शकशील असं एक चांगलं काम आहे. दुपारच्या जेवणानंतर थोडा वेळ कुणीच बोलायचं नाही, असं दोघांनी मिळून ठरवा. ठरवून पाळलेली शांतता कुणाला लागत नाही. न ठरवता आलेली लागते.

पण हे सगळे माझे अंदाज. खरं कारण त्यालाच माहीत, म्हणून त्याला विचार. जेवता जेवता किंवा चालता चालता नको. या आठवड्यात एका संध्याकाळी नियोजन संपलं की म्हण, "मला तुझ्याबरोबर नीट काम करायचंय, म्हणून चार गोष्टी विचारतो." आणि साध्या गोष्टी विचार. सकाळी साडेसहाला उठल्यावर लगेच बोललेलं त्याला चालतं का? आधी आंघोळीला कोण जाणार? भांडी, कपडे, केर यांची वाटणी कशी करायची? माझं चुकलं तर लगेच सांगशील की घरी आल्यावर? कुठली गोष्ट केली की तुला राग येतो? तब्येतीचं काही मला माहीत असावं असं आहे का? हे प्रश्न फार बाळबोध वाटतील. माझा अनुभव असा की मोठ्या धार्मिक मतभेदांवरून जोड्या क्वचितच बिघडतात. त्या बिघडतात ओल्या टॉवेलवरून, उष्ट्या ताटावरून, पहाटे वाजत राहणाऱ्या गजरावरून. तू आधी स्वतःची उत्तरं सांग, म्हणजे त्याला चौकशी होतेय असं वाटणार नाही.

यानंतरचं साधन तुझ्या हातात आधीपासून आहे: आठवड्याच्या नियोजनातली कंपॅनियनशिप इन्व्हेंटरी, म्हणजे आपली जोडी कशी चालली आहे यावर दोघांनी मोकळेपणी बोलायची वेळ. किती जोड्या ती "सगळं ठीक ना? ठीक" म्हणून उरकतात! ती नीट केलीत तर निम्मा ताण उतरतो. प्रार्थनेने सुरू करा. आधी प्रत्येकाने दुसऱ्याची या आठवड्यातली एक चांगली गोष्ट सांगायची, आणि ती खरी व नेमकी हवी. "तू छान आहेस" याला अर्थ नाही. "त्या आजी रडायला लागल्या तेव्हा तू पुस्तक मिटून ठेवलंस, ते मला आवडलं" याला आहे. मग प्रत्येकाने खटकलेली एकच गोष्ट सांगायची. एकच, कारण चार सांगितल्या की समोरचा चारही विसरतो आणि अपमान तेवढा लक्षात ठेवतो. घडलेली घटना सांग, स्वभावावर बोट ठेवू नकोस. "तू मला कधीच बोलू देत नाहीस" असं म्हटलंस की तो आपली बाजू मांडायला लागेल. "काल त्या घरी मी प्रार्थनेबद्दल सांगत होतो, माझं वाक्य संपायच्या आत तू पुढचा विषय काढलास आणि मी गोंधळलो" असं म्हटलंस तर त्याला ती वेळ आठवेल. शेवटी पुढच्या आठवड्यात दोघांनी काय बदलायचं ते ठरवून लिहून ठेवा. तो तुझ्याबद्दल काही बोलला तर लगेच उत्तर देऊ नकोस. "बरं, विचार करतो" म्हण आणि खरंच कर.

त्याची पद्धत पटत नाही म्हणतोस, पण कुठली ते लिहिलेलं नाहीस, म्हणून मी तीन भाग करते. तो सकाळच्या फेरीला उत्तरेकडून जातो आणि तू दक्षिणेकडून गेला असतास, तो शिकवताना गोष्टी सांगतो आणि तू शास्त्रवचनं वाचतोस, हा शैलीचा फरक आहे. इथे त्याचं ऐक. तुझ्या ट्रेनरची पद्धत चांगली होती, पण ती एकमेव नव्हती, आणि "माझा ट्रेनर असं करायचा" हे वाक्य या घरात उच्चारू नकोस. दुसरा भाग नियमांतल्या ढिलाईचा: उशिरा उठणं, अभ्यासाच्या वेळी फोनवर रेंगाळणं. हे आधी त्याच्याशीच, इन्व्हेंटरीत बोल, आणि तू स्वतः वेळेवर उठत राहा. तो उठला नाही तरी तुझा वैयक्तिक अभ्यास तुला खोलीत करता येतोच. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर डिस्ट्रिक्ट लीडरला, म्हणजे आसपासच्या काही जोड्या सांभाळणाऱ्या मिशनऱ्याला, सांग, आणि त्याला सांगणार आहेस हे कंपॅनियनला आधी सांग. पाठीमागून केलेली तक्रार जोडी कायमची मोडते. तिसरा भाग मात्र वेगळा आहे. मारहाण, धमकी, अंगचटीला येणं, कंपॅनियनला एकटं सोडून निघून जाणं, कुणाच्या जिवाला धोका होईल असं वागणं, यांतलं काही घडलं तर इन्व्हेंटरीची वाट बघायची नाही आणि मधल्या पायऱ्याही चढायच्या नाहीत. थेट मिशन प्रेसिडेंटना फोन करायचा, वेळ कुठलीही असो. तुझा नंबर बघून कुणी रागावणार नाही. आम्ही फोन उशाशी घेऊनच झोपायचो.

शिकवण्याबद्दल बोलायला हवं, कारण जोडी खऱ्या अर्थाने तिथे घडते. 2004 मध्ये "प्रीच माय गॉस्पेल" हे मिशनऱ्यांचं मार्गदर्शक पुस्तक आलं, त्याआधी आम्ही ठरलेल्या चर्चा क्रमाने शिकवायचो. आपलं वाक्य कुठे संपतं आणि कंपॅनियनचं कुठे सुरू होतं हे आधीच माहीत असे. आता तुम्ही समोरच्या माणसाची गरज बघून स्वतःच्या शब्दांत शिकवता. हे फार चांगलं झालं, पण त्यामुळे कंपॅनियनचं बोलणं कान देऊन ऐकावंच लागतं. तो बोलत असताना तू मनात तुझं पुढचं वाक्य जुळवत बसलास तर घरातल्या माणसांना ते लगेच दिसतं. रोजच्या कंपॅनियन स्टडीत थोडा वेळ सराव करा: एक शिकवतो, दुसरा त्या दिवशी भेटायच्या माणसाच्या जागी बसून त्याचे प्रश्न विचारतो. सुरुवात कोण करणार, आपल्या श्रद्धेची साक्ष कोण देणार, पुढच्या भेटीचं आमंत्रण कोण देणार, हे दारावर जाण्याआधी ठरवा. मला तर वाटतं, अबोल कंपॅनियनशी मैत्री गप्पांतून होत नसेल तर ती इथून होते. दोघांनी मिळून एखाद्या घरात चांगलं शिकवलं की परतीच्या वाटेवर गप्प मुलगाही बोलायला लागतो. डॉक्ट्रिन अँड कॉव्हेनंट्स या आमच्या धर्मग्रंथाच्या 84व्या विभागात सांगितलं आहे की जो आत्म्याने बळकट आहे त्याने दुर्बलाला सोबत घ्यावं, म्हणजे नम्रतेने तोही बळकट होईल. तुमच्या जोडीत बळकट तो आणि दुर्बल तू, असं पक्कं धरून चालू नकोस. दिवसागणिक हे उलटसुलट होतं.

आता एरिया. एरिया बुक रिकामं आहे म्हणतोस, ते मला पटत नाही. चालू नावं कमी असतील. मागे जा. वर्षभरापूर्वी ज्यांनी शिकणं थांबवलं त्यांच्या नोंदी उघड आणि का थांबवलं ते वाच. कुणी आजारी पडलं होतं, कुणाची नोकरी बदलली, कुणाच्या घरी विरोध होता, कुणी फक्त मिशनरी बदलले म्हणून तुटलं. कारणं बदलतात. अशा माणसाला फोन करून "मी इथे नवीन आलोय, तुमचं नाव वाचलं, कसे आहात?" एवढं विचारलंत तरी पुष्कळ. नकार आला तर नम्रपणे आभार मानायचे आणि नोंद करायची, म्हणजे पुढच्या जोडीने पुन्हा त्यांना त्रास देऊ नये.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे वॉर्डातली किंवा ब्रँचमधली, म्हणजे चर्चच्या तिथल्या मोठ्या किंवा लहान मंडळीतली माणसं. मिशनरी येतात आणि जातात, ती तिथेच राहतात. पहिल्या रविवारी त्या मंडळीच्या प्रमुखांना, म्हणजे बिशपना किंवा ब्रँच प्रेसिडेंटना, भेटून एवढंच विचार की सध्या त्यांच्या मनात कुठल्या घराची काळजी आहे. तुझ्या योजना सांगू नकोस. त्यांनी नावं दिली की आठवड्याच्या आत तिथे जाऊन या आणि काय झालं ते त्यांना कळवा. एवढं तीन आठवडे केलंत की त्यांचा तुमच्यावर विश्वास बसतो. सभासदांची नावं लिहून पाठ कर, मुलांची सुद्धा. जेवायला बोलावलं तर वेळेवर जा, वेळेवर नीघ, निघण्याआधी एखादं वचन आणि प्रार्थना कर, आणि तिथल्या घरात तुझ्या जुन्या वॉर्डाचं कौतुक करत बसू नकोस. सगळ्यांना वाटतं की आपल्यावरही कुणी तसं प्रेम करावं.

बुक ऑफ मॉर्मन या आपल्या धर्मग्रंथातल्या दोन गोष्टी या दृष्टीने पुन्हा वाच. आमोनायहा शहराने आल्मा नावाच्या संदेष्ट्याला हाकलून दिलं, आणि देवदूताच्या सांगण्यावरून तो परत आला तेव्हा उपाशी होता. अमुलेक नावाच्या माणसाने त्याला घरी नेलं, जेवू घातलं. पुढे दोघांनी मिळून प्रचार केला हे सगळ्यांना आठवतं, पण त्याआधी आल्मा पुष्कळ दिवस अमुलेकच्या घरी राहिला, हे आल्माच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातलं वाक्य आपण पटकन ओलांडून जातो. सीनियर मिशनरी आणि त्या गावचा नवखा कंपॅनियन एका घरात नुसते राहिले, मग बोलायला उभे राहिले. दुसरी गोष्ट आम्मोन नावाच्या मिशनऱ्याची. परक्या, शत्रू समजल्या जाणाऱ्या लोकांत तो गेला तेव्हा राजाने विचारलं, इथे राहायचंय का? त्याने काही काळ, कदाचित मरेपर्यंत राहण्याची तयारी दाखवली, आणि पहिलं काम पत्करलं ते राजाची गुरं राखण्याचं. तू मात्र मनाने अजून जुन्या एरियात आहेस. तिथल्या लोकांना पत्र लिही, त्यांच्यासाठी प्रार्थना कर, पण इथे एखाद्या सभासदाचं सामान हलवायचं असेल, अंगण झाडायचं असेल, तर पहिला हात तुझा लागू दे. हाताने काम केलेल्या जागेत माणूस लवकर रमतो.

घरच्या आठवणीबद्दल. फेब्रुवारी 2019 पासून मिशनऱ्यांना दर आठवड्याला प्रिपरेशन डेला (स्वतःच्या कामांसाठी मोकळ्या दिवशी) घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. आमच्या वेळी वर्षातून दोनदाच आवाज ऐकू यायचा, नाताळला आणि मातृदिनाला. मला हा बदल मनापासून हवा होता आणि तो योग्यच आहे. फक्त एक लक्षात ठेव: फोन ठेवल्यानंतरचे दोन-तीन तास सगळ्यात जड जातात. त्या वेळेत खोलीत बसू नकोस. खेळायला जा, बाजारहाट कर, कुणाला भेट. फोनवर आईपासून दुःख लपवू नकोस, पण कंपॅनियनच्या तक्रारी तिला सांगू नकोस. ती तिकडे आठवडाभर त्याच घेऊन बसेल आणि इथे तोवर तुमचं मिटलेलं असेल. त्या तक्रारींची जागा इन्व्हेंटरीत आहे, नाहीतर मिशन प्रेसिडेंटना तू दर आठवड्याला लिहितोस त्या पत्रात.

तुला कुणीतरी गॉर्डन हिंक्ली यांची गोष्ट सांगेलच. 1933 मध्ये ते इंग्लंडमधल्या प्रेस्टनला नवखे मिशनरी होते, निराश होऊन त्यांनी वडिलांना लिहिलं की इथे माझा वेळ आणि तुमचे पैसे वाया जातायत. वडिलांनी उत्तर धाडलं की स्वतःला विसर आणि कामाला लाग. पुढे ते चर्चचे अध्यक्ष झाले. साध्या उदासीवर हा सल्ला आजही लागू पडतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. पण आजारपणावर तो लागू पडत नाही, आणि तिथे तो वापरला जातो याचं मला वाईट वाटतं. सलग काही रात्री झोप नाही, जेवण जात नाही, सकाळी अंथरुणातून उठवत नाही, छातीत धडधडून श्वास अडकतो, ज्या गोष्टीत आनंद होता त्यात काहीच वाटत नाही, असं असेल तर कामाचा जोर वाढवून ते जाणार नाही. 2013 मध्ये चर्चने मिशन जीवनाशी जुळवून घेण्यावर एक पुस्तिका काढली, तीत ताणाच्या चार पातळ्या हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशा रंगांनी दाखवल्या आहेत. रोज रात्री आपण कुठल्या रंगात आहोत ते एकमेकांना एका शब्दात सांगा. अबोल मुलालाही एवढं जमतं. नारिंगी आठवडाभर टिकला किंवा लाल एकदाही आला तर मिशन प्रेसिडेंटना कळवा. स्वतःला इजा करण्याचा विचार मनात आला तर त्याच क्षणी कंपॅनियनला उठव आणि फोन कर. यात विश्वास कमी पडला असं काहीही नाही. आणि उपचारांसाठी एखाद्याला मुदतीआधी घरी जावं लागलं तरी त्याने केलेली सेवा पूर्णच असते, मी अशा प्रत्येक मुलाला विमानतळावर हेच सांगत असे.

राहिला तुझ्या कंपॅनियनचा आणि तुझा एकत्र काळ. हिशोब कर: त्याच्याकडे तीन महिने आहेत, म्हणजे साधारण दोन ट्रान्सफर. तो घरी जाईल तेव्हा बहुधा तू इथेच असशील आणि नवीन येणाऱ्याला हा एरिया तुला दाखवावा लागेल. आज त्याच्या डोक्यात जे आहे ते एरिया बुकात नाही: कुठल्या घरी कुत्रा सोडलेला असतो, कुठले आजोबा दुपारी झोपतात आणि संध्याकाळी मोकळेपणी बोलतात, अंधार पडल्यावर कुठल्या गल्लीत जाऊ नये, कुठल्या बाईंच्या मुलाचं नाव काढलं की त्यांना रडू येतं. एक कागदी नकाशा घे, भिंतीवर लाव आणि रोज रात्री त्याला त्यावरची एक जागा विचार. तो सांगेल ते त्याच्यासमोर लिही. जाणाऱ्या मुलाला आपलं इथलं काम मागे राहणार आहे एवढं दिसलं तरी तो बदलतो, कमी बोलणाराही नकाशासमोर उभा राहून बोलतो. आणि या आठवड्याच्या इन्व्हेंटरीत तुला खटकलेली एक गोष्ट सांगायची आहे, ती कुठली ते आत्ताच लिहून ठेव.